शेवटच्या पानावरची मांडी

मगदूम सरांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी सांगितलं की सरांचा मुक्या जनावरांवर फार जीव. एका बाईंना तर बोलताना हुंदका आला. त्यांनी सरांना एकदाच पाहिलं होतं, तेही पुस्तकावर सही घेताना. मी शेवटच्या रांगेत होतो. मला कुणी बोलायला उठवलं नाही, आणि उठवलं असतं तर मीही तेच बोललो असतो, कारण समोरच्याला हवं ते बोलायचं ही माझी जुनी खोड. म्हणून आता घरी बसून लिहितोय.

मी पेंटर. म्हणजे होतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, सगळं केलं. मग फ्लेक्स आले आणि मी कॉम्प्युटरपुढं बसून गल्लीतल्या दादांच्या वाढदिवसाचे बोर्ड करू लागलो. त्या दुकानात एक दिवस सर आले. सहा फुटांचा वाळका माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. माझ्या स्क्रीनकडं बघून म्हणाले, "हे तुझं अक्षर हाय?"

"न्हाय सर, हा फॉन्ट हाय."

"मग तुझं कुठाय?"

मी एका जुन्या पावतीच्या मागं दोन ओळी लिहून दाखवल्या. पावती खिशात घालून म्हणाले, "उद्या सकाळी घरी ये." मी गेलो आणि पुढची सहा-सात वर्षं जातच राहिलो.

सर मूळचे नेसरीकडचे, शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शांताक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पिठाची गिरणी होती आणि मागच्या खोलीत सरांचा क्लास. मधल्या दाराला सरांनी जाड पडदा लावला होता, कागदावर पीठ बसू नये म्हणून. तरी बसायचंच. अक्का पदर झाडत ताट घेऊन आत आल्या की सर आधी कागद झाकायचे आणि मग ताट ओढायचे. ताट कुणी आणलं हे बघायला मान वर करायचे नाहीत.

सरांचा एकच नियम होता: समोर नसेल ते काढायचं नाही. फोटोवरून नाही, आठवणीतून नाही, कल्पनेतून तर मुळीच नाही. क्लासमधल्या एका मुलीनं एकदा मांजर काढून आणलं. गोड होतं. सरांनी विचारलं, "घरी मांजर हाय?" ती हो म्हणाली. "मग हे कुणाचं हाय? तुमच्यातलं मांजर असं बसत असलं तर त्याचं कंबरडं मोडलंय. नीट बघून ये." आणि कागद सगळ्यांसमोर उभा फाडला. पोरगी रडत घरी गेली. चार दिवसांनी तिनं काढून आणलेलं मांजर आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे, इतकं जिवंत होतं. सरांच्या बाबतीत हीच तर पंचाईत होती. त्यांचा दुष्टपणा फुकट जायचा नाही. तो फुकट गेला असता तर आम्ही त्यांना कधीच सोडलं असतं.

एका सकाळी आम्ही मिसळ खायला गेलो होतो. मालकाच्या हातावर उकळता कट सांडला. गिऱ्हाइकं पाणी आणायला धावली, कुणी टूथपेस्ट शोधायला लागलं, आणि सरांनी खिशातली डायरी काढली. "जरा तसाच धर," म्हणाले, "बोटं मिटू नकोस." त्या माणसाच्या पोरीला सरांनी परीक्षेसाठी शिकवलेलं. त्यानं खरंच हात तसाच धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सरांपुढं. दीड मिनिटात चित्र झालं, मग सरांनीच त्याला रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. ही गोष्ट आम्ही पुढं कितीतरी वर्षं एकमेकांना हसत सांगायचो. सर म्हणजे सर, असं म्हणायचो.

मंगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, वेड त्यांना उतारवयात लागलं. जपानी कंपनीत कामाला असलेला एक जुना विद्यार्थी पुण्याहून खोकंभर पुस्तकं देऊन गेला. त्यातल्या माणसांच्या, रोबोंच्या, पऱ्यांच्या गोष्टी सरांनी पोरांना वाटून टाकल्या आणि कुत्र्यांच्या तेवढ्या ठेवल्या. जपानी येत नव्हतं, चित्रं बघायचे. उजवीकडून उघडायची, उजवीकडून डावीकडं जायची. म्हातारीला वाट दाखवणारं कुत्रं, मालक मेल्यावर त्याच्या बुटांपाशी बसणारं कुत्रं, बर्फात हरवलेलं कुत्रं, घटस्फोट झालेल्या बाईचं कुत्रं. सगळ्या गोष्टींत शेवटी कुत्रं मरायचंच. आणि तिथंच सर चिडायचे.

"हे बघ. चारशे पानं कुत्र्याचा केस न् केस काढलाय. मरायची वेळ आली की काय काढलंय? आभाळ. ह्यानं फूल पडताना काढलंय. ह्यानं नुसती रिकामी वाटी. सगळे भित्रे हाईत. मरताना कुत्रं कसं दिसतंय हे एकानं बी बघितलेलं न्हाय."

"सर, बघवत नसंल," मी म्हटलं.

"मग काढायचं न्हाय."

सर स्वतःचा मंगा काढत होते, आणि माझं काम त्यातल्या बोलण्याच्या फुग्यांत मराठी अक्षरं लिहिण्याचं होतं. गोष्ट होती एका एकट्या मास्तरची आणि त्याच्या काळ्या कुत्र्याची. कुत्रं खरं होतं. त्याचं नाव करिया. शांताक्कांचं माहेर कुरुंदवाडचं. दोन हजार पाचच्या पुराचं पाणी उतरल्यावर त्या भावाच्या घरातला चिखल काढायला गेल्या, तेव्हा माळ्यावर पोत्यांच्या मागं हे पिल्लू सापडलं. त्यांनी ते पदरात घालून एसटीनं आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं आणि माहेरच्या कन्नडात काळ्याला म्हणतात तसं नाव ठेवलं. सर आधी परत सोडून ये म्हणाले होते. मग पिल्लू झोपलं असताना त्यांनी सहज एक चित्र काढलं, आणि नंतर रोज काढत गेले. करिया लंगडला, खरजेनं बेजार झाला, शेजारच्या कुत्रीमागं लागला, म्हातारा झाला, सगळ्याच्या वह्या होत्या.

पन्नास-साठ पानांची अक्षरं झाल्यावर मी विचारलं, "सर, ह्यात अक्का कुठं न्हाईत?"

"गोष्ट दोघांची हाय," सर म्हणाले. "तिसरं माणूस आलं की डोळा फिरतोय."

मला ते पटलं. तेव्हा मला त्यांचं सगळंच पटायचं.

मग करियाच्या पोटात गाठ आली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, ह्या वयात ऑपरेशन झेपणार नाही. रोज एक इंजेक्शन देऊ, दुखणं कळणार नाही. फारच हाल व्हायला लागले तर सांगा, कायमचं झोपवू. सरांनी विचारलं, इंजेक्शननं नेमकं काय होईल? डॉक्टर म्हणाले, अंग सैल पडेल, सुस्तावेल. "मग नको," सर म्हणाले. डॉक्टर समजावत होते, सर त्यांना दाराकडं नेत होते.

मला म्हणाले, "औषध दिलेलं कुत्रं आणि मरणारं कुत्रं, दोन्हीची रेघ येगळी असती, पेंटर. मरणारं सैल नसतंय. ते धरून असतंय. ते धरणं मला पायजे."

हे वाचून तुम्हाला राग येईल. मला आला नाही. मला वाटलं, केवढा मोठा माणूस आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा अक्कांनी मला गिरणीतच अडवलं. मशीन बंद होतं, त्यामुळे पडद्यापलीकडचा आवाज येत होता. भुंकणं नव्हे, ओरडणंही नव्हे. बिजागरी कुरकुरते तसा बारीक आवाज, श्वासागणिक एक. अक्कांच्या भुवयांवर पीठ होतं. त्या हळू बोलल्या.

"पेंटर, त्यास्नी तासभर भाईर काढ. प्रेसमध्ये कागद बघाय बोलावलंय म्हण. तुझं ऐकत्यात. मी डॉक्टरांस्नी अकराला बोलावलंय. दोन मिन्टाचं काम हाय म्हणाले."

"आणि सर चिडले तर?"

"चिडू द्यात की. ते मी बघतो. खरं करियाचं हे सोसंना झालंय मला. रात न् दिवस एकच. पाणी पाजाय गेलं तर माझंच बोट चाटतंय." त्यांनी माझं मनगट धरलं. "मी तुझ्याकडं कधी काय मागितलंय? येवढं कर."

"करतो, अक्का," मी म्हटलं, आणि खरंच करणार होतो.

आत सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर गोणपाटावर करिया. मी म्हटलं, "सर, प्रेसमध्ये कागद निवडाय बोलावलंय."

"बस."

"तासाभरात परत येऊ."

"बस म्हटलं न्हवं? हे बघ." त्यांनी पॅड माझ्याकडं फिरवलं.

मी जन्मभर रेघा ओढल्या आहेत. चांगली रेघ कशी असते ते मला कळतं. त्या कागदावर करियाचा पुढचा पंजा होता, गोणपाटात नखं रुतवलेला, आणि दाताला चिकटलेला एक ओठ. बाकी काही नाही. माझ्या अंगावर काटा आला. तो दयेचा नव्हता, हे आज कबूल करतो. दोन हातांवर खरा पंजा होता, तो सोडून मी कागदावरच्या पंजाकडं बघत राहिलो.

"अजून दोन दिवस काढंल," सर म्हणाले. "माझी दोन पानं हाईत."

मी बसलो.

अकराला बाहेर डॉक्टरांची स्कूटर वाजली. सरांनी मान वर न करता सांगितलं, "कोण आलंय बघ. परत लावून दे." मी उठलो, पडदा सारून बाहेर आलो. डॉक्टर बॅग घेऊन उंबऱ्यात उभे होते. अक्कांनी हात धुऊन पुसून ठेवले होते.

"सरांनी आत्ता नको म्हटलंय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी अक्कांकडं बघितलं. अक्कांनी माझ्याकडं. डॉक्टर म्हणाले, "अहो, त्याचे हाल होतायत." मी म्हटलं, "होय, पण आत्ता नको." तेव्हाही मी आवाज अदबीनंच ठेवला होता. मालकाच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही असं काहीतरी पुटपुटत डॉक्टर स्कूटरकडं वळले.

अक्कांनी जाऊन गिरणीचं बटण दाबलं. वरच्या पाटीत दाणा नव्हता. गिरणीवाल्याला विचारा, रिकामी गिरणी कुणी फिरवत नाही, दगड एकमेकांना खातात. अक्कांनी ती दुपारपर्यंत रिकामी फिरवली, कानावर तो आवाज येऊ नये म्हणून. घरभर दगडाचा जळका वास सुटला. आतून सर ओरडले, "ते बंद कर म्हणावं तिला, कागद हलायलाय." मी सांगायला गेलो नाही. त्या दिवशी मी दाखवलेली हिंमत तेवढीच.

करिया त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. मी नव्हतो. अक्कांनी गिरणी सोडून त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि सर समोर बसून काढत होते. ती पानं मी नंतर पाहिली. अक्कांचा हात होता, काठाची साडी होती, साडीवरचं पीठसुद्धा होतं. आठवड्यानं सरांनी मला बोलावलं आणि आपला एक सदरा-पायजमा पुढं केला. "हे घाल आणि तिथं बस. शेवटचं पान पक्कं करायचंय. मला माझी मांडी समोरून दिसत न्हाय." माझ्या मांडीवर त्यांनी फडक्यात बांधलेलं पाच किलो पीठ ठेवलं. करियाचं डोकं वहीत होतं, मास्तरची मांडी तेवढी हवी होती. "हात असा ठेव. अजून माया दिसू दे," सर म्हणाले. मी माया दाखवली. तीन तास दाखवली. पडद्यापलीकडं अक्का गल्लीचं दळण दळत होत्या.

मरणाच्या एकेका रेघेसाठी ज्या माणसानं कुत्र्याला इंजेक्शन मिळू दिलं नाही, त्यानं एवढी एक मांडी बदलली.

पुस्तक निघालं. सरांच्या हट्टानं ते जपानी पद्धतीनं उजवीकडून उघडणारं होतं. प्रकाशक म्हणत होता, चुकीच्या बाजूला निदान एक सूचना छापू. सर म्हणाले, "ज्याला कळत न्हाय त्यानं वाचू नये." प्रकाशन झालं तेव्हा हॉल भरलेला. कुत्री पाळणारी मंडळी पुण्या-सांगलीहून आलेली. शेवटच्या प्रकरणात मी एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं, नुसती चित्रं, आणि ती बघून बायाबापे खरंच रडत होते. कुणीतरी उठून विचारलं, "सर, एवढं प्रेम कुठून आणता?" सर माईकवर म्हणाले, "प्रेमबिम काय न्हाय. मी नुसतं बघितलं." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात.

अक्का पहिल्या रांगेत होत्या, मी त्यांच्या शेजारी. कुणीतरी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी ते कुठलंही पुस्तक उघडावं तसं डावीकडून उघडलं. त्यामुळे सगळ्यांत आधी त्यांना शेवटचं पान दिसलं. करियाचं डोकं, आणि पायजम्यातली मांडी. कागदावरचं पीठ झटकावं तसा त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला.

"पेंटर, ही मांडी कुणाची?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्या माझ्या पायांकडं बघत होत्या. "माझी, अक्का."

"तुझी?" त्या म्हणाल्या. "तू तर त्या दिशी आला बी नव्हतास."

पुस्तक मिटून त्यांनी ते माझ्या खुर्चीवर ठेवलं. पलीकडच्या बाई डोळे पुसत वाकून त्यांना म्हणाल्या, "तुम्हालाही फार लळा असेल ना हो त्याचा?"

"मी गिरणीत असतो," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर चारेक महिन्यांनी सरांच्या एका चाहत्यानं खोक्यातून पिल्लू आणून दिलं. पांढऱ्यावर तांबडे ठिपके, पोट नगाऱ्यासारखं. मी त्या सकाळी तिथंच होतो. सर हरखून गेले होते, ते नाकारणार नाही. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कान उलटे करून बघितले, दात बघितले. पिल्लानं त्यांचा शाईचा अंगठा तोंडात धरला तेव्हा सर हसले. एवढ्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

"हे जगलं तर बारा-तेरा वर्षं जगणार," ते म्हणाले. "मी काय तेवढा न्हाय." मला भरून आलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी पिल्लाला उताणं केलं आणि पोट दाबून बघितलं. "खरं ह्या वयात गॅस्ट्रो झाला की चार दिवसांत आटपतंय. चार दिवसांत अख्खं पुस्तक, पेंटर."

पडदा बाजूला झालेला होता. अक्का ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, पुढं होऊन सरांच्या मांडीवरून पिल्लू उचललं, पदरात घातलं आणि बाहेर चालू लागल्या. पायांत चपला सरकवताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला काय सांगत न्हाय बघ मी." रस्त्यावर जाऊन त्यांनी हात करून रिक्षा थांबवली आणि स्टँडवर चल म्हणून सांगितलं. कुरुंदवाडची गाडी तिथून सुटते.

सर अनवाणी दारापर्यंत आले. "अगं, त्याला दूध पाजलेलं न्हाय अजून," एवढंच ओरडले. अक्कांनी वळून बघितलं नाही. सर मला म्हणाले, "जा, पळ. म्हशीचं देऊ नको म्हणावं. निम्मं पाणी घाल म्हणावं, पोट बिघडंल."

मी पळालो. कोपऱ्यावर रिक्षा गर्दीत अडकली होती, तिच्या दांडीला हात धरून मी उभा राहिलो. धाप लागली होती. अक्कांनी मला बोलूच दिलं नाही.

"कशाला आलास?" त्या म्हणाल्या. "त्यांनी लावून दिलं म्हणूनच न्हवं?"

पुढची रिक्षा हलली, मग ही हलली. मी दांडी सोडली.

परत आलो तेव्हा सर गिरणीत उभे होते. दळण टाकून गेलेल्यांचे डबे ओळीनं मांडलेले. त्यांवर नावं नव्हती. कुणाचा कुठला हे अक्कांना बघूनच कळायचं. एक बाई पीठ न्यायला आल्या होत्या आणि सर एकेक झाकण उघडून आत बघत होते. "तुझा कसला होता?" ते विचारत होते. बाई म्हणाल्या, "अक्कांस्नी म्हाईत हाय की." सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुला सांगता येईल का रे ह्यातला?" मी नाही म्हटलं. शर्टाला, भुवयांना पीठ लागलेलं, हातात कुणाचं तरी झाकण, असे ते मधोमध उभे राहिले.

"दुधाचं सांगितलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं, सर," मी म्हणालो.